अद्दीला सांगितलेला महिना

माझा भाऊ अद्दी कासाब्लांकात फरश्यांचं दुकान चालवतो. आमचा बाप वारला त्याला बावीस वर्षं झाली. तेवढी वर्षं तो दर ईदला फोन करायचा, आणि दर ईदला विचारायचा, "तुदा, गावाकडे यायला चांगले दिवस कोणते ग?"

बोलायचा असा, की इमिझार, आपलं गाव, त्याने कधी पाहिलंच नाही. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत याच अंगणात त्याचं नाक वाहत होतं, पण ते सगळं आठवणारं डोकं कासाब्लांकाच्या फरश्यांवर कुठेतरी सांडून गेलं असावं.

डोंगर बघायला पायी हिंडणाऱ्या लोकांसाठी माझ्याकडे दोन खोल्या आहेत. तेही सगळे हेच विचारतात. त्यांच्यासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: "मेच्या मध्यावर या, नाहीतर सप्टेंबरात या." ते मान डोलावतात, मेमध्ये येतात आणि विचारतात, फोटोत होता तो बर्फ कुठे गेला? सप्टेंबरात येणारे विचारतात, फुलं कुठे आहेत? बाजारात खरबूज घेतात तसा हे लोक डोंगर निवडतात. दाबून बघायचा, हुंगून बघायचा, आणि कापल्यावर नावं ठेवायची. परक्यांचं मी ऐकून घेते. ते दोन रात्री राहतात आणि जातात. पण अद्दी परका नव्हता, निदान त्याच्या आईच्या लेखी तरी नव्हता.

त्याची कारणं मला पाठ होती. हिवाळ्यात खिंड बंद असते. वसंतात त्याच्या बायकोला, बहिजाला, खोकला होतो. उन्हाळ्यात पोरांना समुद्रावर न्यायचं असतं. पानगळीत शाळा सुरू होतात आणि दुकानात गिऱ्हाईक असतं. पाचवा ऋतू देवाने केलाच नाही, नाहीतर त्यातही याला काहीतरी सापडलं असतं. फोन ठेवला की आमची आई, इत्तो, म्हणायची, "येईल ग. कामात असतो." मग हातातली लोकर पुन्हा कातायला लागायची. आई एक्याऐंशीची आहे. एका डोळ्याने दिसतं, दुसऱ्याने फक्त उजेड कळतो.

बाप गेला तेव्हा फेब्रुवारी होता. अद्दी आठव्या दिवशी आला आणि खिंड बंद होती म्हणाला. पावाची गाडी तिसऱ्या दिवशी आली होती. मी तेव्हा काही बोलले नाही, पण ते विसरलेही नाही. त्या दिवशी तो दुपारी आला, कबरीवर गेला, चहा प्यायला आणि संध्याकाळच्या आत परत फिरला. त्यानंतर बावीस वर्षं फक्त आवाज.

मग एका जानेवारीत फोन आला, आणि ईद नव्हती.

"तुदा, रीमचं लग्न ठरतंय," तो म्हणाला. रीम त्याची धाकटी. "राबातचं घर आहे. मुलाचे वडील, हाज ताहर, मोठे वकील आहेत. त्यांची बायको लाल्ला घीता म्हणते, मुलीची आजी बघायची, गाव बघायचं. मी टाळलं, पण ऐकत नाहीत. आता तूच सांग, गाव बरं दिसेल असे दिवस कोणते?"

"बरं म्हणजे कसं?"

"म्हणजे हिरवं. चिखल नको, शेणाचा वास नको. गाडी दारापर्यंत आली पाहिजे. आणि हे बघ, त्या दिवशी खेचरं जरा लांब बांधा."

"खेचरांना मी सांगते. अजून?"

त्याला टोमणा कळला नाही. शहरात राहून माणसाचा तो कानच जातो. पुढे म्हणाला, "मी त्यांना सांगितलंय की अब्बांचे मोठे कळप होते. तेव्हा ते दुसऱ्यांच्या मेंढ्या वळायचे, तो विषय काढू नका. आणि यम्मा..."

"यम्माचं काय?"

"हनुवटीवरचं गोंदण. ओढणी जरा वर घ्यायला सांगशील? हल्ली लोक त्याला नावं ठेवतात. गावंढळ वाटतं."

हे ऐकेपर्यंत माझ्या तोंडात 'मे' हाच शब्द होता, खरंच सांगते. मेमध्ये आमच्याकडे सफरचंदाला फुलं असतात, गाय दूध देते, जव गुडघ्याएवढे असतात, रस्ता कोरडा असतो. पण आईची ती हनुवटी माझ्यासमोर होती. ती चुलीपाशी बसून सलगम सोलत होती आणि फोन अद्दीचा हे ओळखून माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती. सगळा चेहरा उजळला होता तिचा.

मी म्हणाले, "मार्चच्या शेवटी या."

"मार्च? लवकर नाही होत?"

"अरे, तेव्हा तर इतकं हिरवं असतं की डोळे निवतात."

"आणि रस्ता?"

"रस्ता लोण्यासारखा."

रस्त्याबद्दल तरी यात खोटं काही नव्हतं. मार्चच्या शेवटी आमचा रस्ता लोण्यासारखाच असतो. माणूस घोट्यापर्यंत बुडतो, गाडी दारापर्यंत बुडते. बर्फ वितळायला लागलेला असतो, घरांवरची मातीची धाबी गळत असतात, गायी आटलेल्या असतात, धान्याच्या मडक्यात हात घातला की बुडाची खरखर लागते. त्या महिन्यात आम्हीसुद्धा एकमेकांकडे जात नाही, कारण समोरच्याला काहीतरी वाढावं लागतं. एकोणीस मार्च त्याने या गावात काढले होते. त्यातला एकही त्याला आठवला नाही. मला वाटलं, याचं याने बघावं. एकदा बघावं, आपली आई कोणत्या घरात, कशी राहते. राबातच्या माणसांसमोर बघावं, म्हणजे चांगलं लक्षात राहील.

आईला मी सांगितलं की दिवस त्यानेच ठरवला.

"मार्चमध्ये?" आईचा हात थांबला. "या दिवसांत कोण येतं? त्याला काय झालंय?"

"त्याला वेळ तेव्हाच आहे."

"मग येऊ दे," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

तिने सगळी मडकी बघितली. खारवलेलं जुनं लोणी एक वाटी निघालं, अक्रोड दोन ओंजळी, मध तळाला. कोंबड्यांनी नुकती कुठे अंडी घालायला सुरुवात केली होती. आमच्याकडे मेंढ्या पाच, त्यातल्या चार म्हाताऱ्या आणि हाडकुळ्या. पाचवी कपाळावर पांढरा ठिपका असलेली, अंगाने भरलेली, आणि गाभण. व्यायला दोन आठवडे होते. मी तिला बाटलीने दूध पाजून वाढवली होती.

ते यायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "बास्सूला बोलाव. ठिपकीला कापायचं." बास्सू आमचा शेजारी. खेचरं हाकतो, आणि गावात कोणाला जनावर कापायचं असलं की त्यालाच बोलावतात.

"यम्मा, ती गाभण आहे!"

"बाकीच्यांच्या अंगावर काय आहे? व्याह्यांना हाडं वाढू?"

"अंडी कर. डाळ कर."

"बावीस वर्षांनी माझा मुलगा येतोय, त्याच्या मुलीच्या सासरची माणसं घेऊन. आणि मी डाळ करू?" तेव्हा खरं सांगून टाकायला हवं होतं. मी सांगितलं नाही. बास्सू आला, त्याने मेंढीच्या पोटावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. "नक्की ना?" म्हणाला. मी मान हलवली आणि अंगणातून निघून गेले. आत दोन कोकरं होती, हे मला त्याने नंतर सांगितलं. सांगायला नको होतं.

संध्याकाळी शेजारणी आल्या. कोणी तीन अंडी आणली, कोणी मूठभर बदाम, बास्सूच्या बायकोने तर साखरेची अख्खी ढेप. कुणाच्या घरी काय उरलंय ते मला माहीत होतं, आणि त्या काय देतायत तेही दिसत होतं. आईने आयुष्यात कोणाकडून असं काही घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं, मान खाली घालून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बास्सूचा भाचा वर सांगत आला की ओढ्यापाशी काळी गाडी चाकांपर्यंत रुतलीय आणि एक माणूस तिच्याशी भांडतोय. बास्सू चार खेचरं घेऊन खाली गेला. जी खेचरं लांब बांधायची होती, त्यांच्यावरच बसून पाहुणे आले.

पुढे हाज ताहर होता. उंच, वाळका, पांढऱ्या दाढीचा म्हातारा. अंगातला लांब झगा, जेलाबा, गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, पाय चिखलाने काळे, आणि तो बास्सूला खेचराचं नाव विचारत होता. मागे लाल्ला घीता, गोरीपान, जाडजूड, दोन्ही हातांनी खोगीर धरून डोळे मिटलेली. मग बहिजा पांढऱ्या बुटांत. तिचा चेहरा कसा होता ते सांगत नाही, बुटांवरून समजून घ्या. आणि सगळ्यांत शेवटी माझा भाऊ, चालत. चौथ्या खेचरावर त्यांच्या बॅगा होत्या. पोट पुढे, कातडी बूट हातात, मोजे चिखलात, आणि दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. ती किल्ली त्याने दुपारभर सोडली नाही.

आई दारात उभी होती. तिने दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं. गाल, कान, डोक्यावरचं टक्कल.

"किती वाळलास रे," ती म्हणाली.

तो बैलाएवढा झाला होता. मला हसू आवरेना, म्हणून मी खेचरांकडे वळले.

आत बसल्यावर दवणा घातलेला चहा झाला, मग जेवण आलं. मेंढीचं मांस, त्यावर अंडी, बदाम. आई स्वतः काहीच खात नव्हती, फक्त वाढत होती आणि माफी मागत होती. आईला आमचीच भाषा येते, अरबी येत नाही. राबातच्या माणसांना आमची येत नाही. तेव्हा अद्दी मध्ये बसला आणि इकडचं तिकडे करायला लागला. मला पाहुण्यांमुळे अरबी येते हे त्याला माहीत नव्हतं. बावीस वर्षांत त्याने विचारलं कधी होतं?

आई म्हणाली, "त्यांना सांग, या महिन्यात घरात काही नसतं. माफ करा म्हणावं. मेमध्ये आला असतात तर ताजं लोणी दिलं असतं."

अद्दीने सांगितलं, "आई म्हणते, आमच्या घरी बारमाही भरपूर असतं, संकोच करू नका."

लाल्ला घीताने आईच्या हनुवटीकडे बघितलं. आईची ओढणी जिथे रोज असते तिथेच होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. "हे गोंदण किती सुंदर आहे," ती बाई म्हणाली. "त्यांच्या लग्नाच्या वेळचं का?"

"काय म्हणतात?" आईने विचारलं.

"थंडी फार आहे म्हणतात," अद्दी म्हणाला.

हाज ताहरने विचारलं, "तुमचे वडील कोणत्या कुरणांवर कळप नेत असत?"

अद्दीने आईला विचारलंच नाही. त्याने स्वतःच हात पसरून सांगितलं, "त्या सगळ्या उतारावर, हाज. शेकडो मेंढ्या. गडी ठेवले होते."

मग मात्र मला बसवेना. मी चहाची किटली खाली ठेवली आणि अरबीत म्हणाले, "शेकडो होत्या हे खरं आहे, हाज. फक्त मालक दुसरा होता. आमचा बाप त्या वळायचा. गडी तोच होता. आणि आई म्हणाली की घरात काही नाही, माफ करा. हे ताटातलं शेजाऱ्यांनी दिलंय." मग आमच्या भाषेत आईला म्हणाले, "यम्मा, या बाई थंडीबद्दल नाही बोलल्या, तुझं गोंदण त्यांना आवडलं."

अद्दीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. बहिजा आपल्या बुटांकडे बघत राहिली. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

हाज ताहरने घास संपवला, हात पुसले. मग शांतपणे म्हणाला, "मेंढ्या कोणाच्या होत्या ते आम्हाला ठाऊक होतं, अद्दी. पोरगी मागण्याआधी माणूस चौकशी करतोच ना? तुझा बाप प्रामाणिक मेंढपाळ होता असं तीन जणांनी सांगितलं. म्हणून तर आम्ही पुढे आलो. तू ते का लपवतोस एवढंच आमच्या लक्षात येत नव्हतं. म्हटलं, एकदा घर बघून यावं."

चांगल्या माणसांना तुच्छ लेखणं अवघड असतं. मी प्रयत्न केला. मनात म्हटलं, राबातचा वकील आहे, असं गोड बोलून याचं पोट भरतं. पण ते काही नीट जमलं नाही.

हाजसमोर अद्दीला तोंड राहिलं नव्हतं, तेव्हा तो माझ्यावर उलटला. आमच्या भाषेत ओरडला, "तूच सांगितलंस मला! मार्चच्या शेवटी ये म्हणालीस! हिरवं असतं म्हणालीस, रस्ता लोण्यासारखा म्हणालीस! मी कधीही आलो असतो. तूच हा महिना निवडलास!"

आईने मान वळवली. एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातात भाकरीचा तुकडा होता, तो तिने हळूच ताटात ठेवला.

तेवढ्यात धाब्यातून पाण्याची धार सुरू झाली. आधी गालिच्यावर, मग लाल्ला घीताच्या खांद्यावर. ती बाई उठून बाजूला सरकली आणि 'पाणी आलं म्हणजे बरकत' असं काहीतरी पुटपुटली.

"वर जा," आई म्हणाली. "दोघंही."

धाब्यावर बर्फाचं पाणी साचलं होतं आणि कोपऱ्यात माती खचली होती. मी पांढऱ्या मातीची पाटी आणि चोपणं घेऊन चढले. अद्दी मोज्यांवरच शिडीने आला, धापा टाकत. मी त्याच्याकडे न बघता पाणी पन्हाळीकडे लोटायला लागले. थोड्या वेळाने त्याने दुसरं चोपणं उचललं आणि माती दाबायला बसला. नीट दाबत होता. कडेपासून आत, बाप शिकवायचा तसं. मला ते बघून संतापच आला. म्हणजे याला येत होतं सगळं.

"मुद्दाम केलंस तू," तो म्हणाला.

"हो."

"कशासाठी?"

"तुझ्या आईच्या हनुवटीसाठी."

तो चोपत राहिला. मग म्हणाला, "मी दरवर्षी ठरवायचो, तुदा. खरंच ठरवायचो. पण फोनवर तुझा आवाज ऐकला की वाटायचं, तिथे गेलो तर आधी ही मला सोलणार. अब्बांच्या वेळी आठव्या दिवशी आलो, तेव्हा तू माझ्याकडे जे बघितलंस ना... आजपर्यंत ते डोळे माझ्या मागे आहेत."

"पावाची गाडी तिसऱ्या दिवशी आली होती."

"माहितीये मला. मी खाली बाजारातच होतो, पाच दिवस. हॉटेलात. वर यायची हिंमत होत नव्हती. बाप नसलेलं घर बघायची."

हे मला नवं होतं. खरं असेल, नसेलही. असं बोलणारे मी खूप पाहिलेत. आपल्या भित्रेपणाला दुसऱ्याच्या डोळ्यांचं निमित्त लावतात आणि मोकळे होतात. पाच दिवस हॉटेलात बसून राहिलेला मुलगा हा न आलेल्या मुलापेक्षा चांगला कसा, ते मला अजून कळलेलं नाही. मी त्याला तसंच सांगितलं.

"तू बदलणार नाहीस," तो म्हणाला.

"मी कशाला बदलू? मी इथेच होते."

गळती थांबली. आम्ही खाली आलो तेव्हा आई आणि लाल्ला घीता शेजारी शेजारी बसल्या होत्या. आईने तिचा ओला खांदा आपल्या घोंगडीने पुसला होता आणि तिच्या हातात चाती दिली होती. ती राबातची बाई सूत काढायचा प्रयत्न करत होती, सूत तुटत होतं आणि दोघी हसत होत्या. मध्ये बोलायला कोणीच नव्हतं, आणि कोणाची गरजही दिसत नव्हती. हाज ताहर बास्सूबरोबर गाडी बघायला गेला होता. बहिजा चुलीपाशी बूट वाळवत होती.

ते एक रात्र राहिले आणि सकाळी ऊन चढल्यावर गेले. गाडी दहा माणसांनी आणि दोन खेचरांनी ओढून काढली. निघताना अद्दीने आईच्या डोक्यावर ओठ टेकले आणि लहान पोरासारखा रडला. आईने त्याचे डोळे पुसले. माझ्याशी तो बोलला नाही. मीही बोलले नाही.

ते वळणाआड गेल्यावर आई आत आली, आणि मला वाटलं आता रडेल. रडली नाही.

"तो भित्रा आहे," ती म्हणाली. "मला काय नवं सांगतेस? मी त्याला जन्म दिलाय. अंधारात लघवीला जायला घाबरायचा. पण भित्र्या पोरालासुद्धा आईच्या घरी पोटभर जेवायला मिळावं असं मला वाटत होतं. तू ते मिळू दिलं नाहीस. माझ्या दारात आलेल्यांना मी शेजारणींची अंडी वाढली. ठिपकी कापली. का, तर तुला त्याची फजिती बघायची होती."

"यम्मा, तो म्हणाला की तुझं गोंदण—"

"माझ्या हनुवटीची काळजी तुला कोणी सांगितली होती? ती माझी मी वागवते साठ वर्षं. त्याने झाक म्हटलं असतं तर मी झाकली असती एक दिवस, आणि मग उघडली असती. त्यात काय झिजलं असतं माझं?"

मी काही तरी बोलायला गेले.

"तू इथे राहिलीस, माझं केलंस," आई म्हणाली. "पण त्या करण्याचं ओझं तू माझ्या डोक्यावर बावीस वर्षं ठेवलंयस. रोज. भाकरी देतानासुद्धा."

मग ती अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. दिलेलं खायची, हात धुवायची, तोंड फिरवून लोकर कातायची. ज्या नजरेने मी इतकी वर्षं माझ्या भावाकडे बघत आले, ती नजर समोरून कशी लागते ते मला त्या अकरा दिवसांत कळलं. सहन करायला फार अवघड असते, एवढं कबूल करते. त्याहून जास्त काही कबूल करत नाही.

जूनमध्ये रीमचं लग्न झालं. आईला न्यायला अद्दी स्वतः आला. मलाही चल म्हणाला. मी म्हटलं, गाय कोण बघेल? त्याने पुन्हा विचारलं नाही. आई दीड महिना तिकडे राहिली आणि लाल्ला घीताने दिलेला रेशमी कफ्तान घेऊन परत आली. तो तिने एकदाही घातलेला नाही, पण बास्सूच्या बायकोला महिन्यातून एकदा पेटी उघडून दाखवते.

आता अद्दी येतो. वर्षातून दोनदा, कधी तीनदा, न सांगता, कुठल्याही महिन्यात. चिखल असो, बर्फ असो. मोठ्याने बोलतो, मोठ्याने घोरतो. ज्या गावाला तो लाजत होता, त्या गावाबद्दल माझ्या खोलीतल्या पाहुण्यांना तासन्‌तास सांगत बसतो, आणि निम्मं चुकीचं सांगतो. मी कपाळाला हात लावून बसते. लोक म्हणतात, बघ, शेवटी तुझं म्हणणं खरं झालं, भाऊ यायला लागला. मला त्यात काही गोड वाटत नाही. एवढं सोपं होतं, तर बावीस वर्षं काय करत होता?

मागच्या जानेवारीत नऊ दिवस अडकला. मोठा बर्फ पडला. सकाळी मला न विचारता धाब्यावर चढला, फावड्याने सगळा बर्फ खाली ढकलला, आणि तो नेमका गोठ्याच्या दारावर ढकलला. आत गाय हंबरत होती. तिला बाहेर काढायला मला दुपारपर्यंत खणावं लागलं. हात बधिर झाले होते, कंबर मोडली होती. आत आले तर तो चुलीपाशी घोंगडं पांघरून बसलेला, लालबुंद, आणि आई त्याचे पाय चोळत होती.

"तुदा," आई म्हणाली, "आधी त्याला चहा दे. दमलाय बघ तो."

मी दिला. साखर कमी घातली.